कारबोरेटर नंतर, आधी करंटचं बघा

किट कारसाठी (सुटे भाग आणून घरी बांधायची गाडी) घेतलेले दोन वेबर ४५ कारबोरेटर खोक्यातून काढून टेबलावर मांडले आणि व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवले. आबांचं कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज होतं, पद्मिनी आणि अँबॅसिडरवर सगळं आयुष्य गेलं. कारबोरेटर बघून खूश झाले. मग म्हणाले, "झ्याक हायत. पर इंजिनाचा डेल्को कुठं हाय?"

मी फोन इंजिनाभोवती फिरवला. फोर्डचं दोन लिटरचं झीटेक, त्याला डेल्को, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, नसतोच.

"मग करंट कोण वाटनार?"

इथे कॉव्हेंट्रीत किट कार बांधणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखंच आधी कारबोरेटर घेतले आणि हा प्रश्न नंतर विचारला. इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल आणि स्पार्क, दोन्ही एकच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांभाळतो. इंजेक्टर आणि हवा मोजणारा सेन्सर काढलात की त्या ईसीयूला इंजिनावर भार किती आहे तेच कळत नाही. तो अंदाजाने टायमिंग (स्पार्क कधी द्यायचा ते) देतो, त्यात फोर्डचा इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, मध्ये आला तर गाडी सुरूच होत नाही. जुना ईसीयू "नुसत्या स्पार्कपुरता" ठेवायचा सल्ला मला दोघांनी दिला. मी दोन शनिवार घालवले, तुम्ही घालवू नका.

तुमचं इंजिन फोर्डचं जुनं पिंटो किंवा क्रॉसफ्लो असेल तर फार डोकं लावू नका. डेल्को आहे, तो राहू द्या. पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा. डेल्कोवरच्या टायमिंग बदलणाऱ्या डबीला जाणारी व्हॅक्यूमची नळी मात्र बंद करावी लागते, कारण प्रत्येक सिलिंडरला कारबोरेटरचा स्वतंत्र घसा (हवा जायची नळी) असला की एका घशातला व्हॅक्यूम नुसता धडधडतो, त्या डबीला काही सुधरत नाही. रस्त्यावर पेट्रोल थोडं जास्त जातं, बाकी तक्रार नाही.

झीटेक किंवा फोर्डचंच ड्युराटेक असेल तर क्रँकवरूनच (पिस्टन फिरवतात तो दांडा) सिग्नल घ्यायचा. फोर्डची पद्धत सुटसुटीत आहे. क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर ३६ दातांची जागा, त्यातला एक दात गायब, म्हणजे प्रत्येक दात १० अंशांचा. समोरचा सेन्सर दात मोजतो आणि रिकामी जागा आली की क्रँक कुठे आहे ते कळतं. स्पार्क चार तोंडांच्या कॉइल पॅकमधून, १ आणि ४ ला एकदम, २ आणि ३ ला एकदम. जोडीतला एक स्पार्क एक्झॉस्टच्या वेळी फुकट जातो, पण त्यामुळे कॅमचा सेन्सर लागत नाही.

इथे माझी चूक सांगतो. झीटेकचे हे दात फ्लायव्हीलवर, इंजिनाच्या बाजूला असतात. मी हलकं फ्लायव्हील घेतलं होतं. वजन बघितलं, दात बघितले नाहीत. गिअरबॉक्स चढवला, स्टार्टर मारला, करंट शून्य. सेन्सर बदलला, वायर बदलली, शेवटी गिअरबॉक्स उतरवला तर समोर गुळगुळीत लोखंड. मग पुढच्या पुलीवर वेगळं दातांचं चाक बसवावं लागलं. फ्लायव्हील विकत घेताना दात मोजा, विकणाऱ्यावर विसंबू नका.

पुढे चाक बसवत असाल तर टॉप, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, स्वतः काढा, पुलीवरच्या खुणेवर जाऊ नका. टॉपला पिस्टन काही अंश जवळजवळ थांबलेलाच असतो, डोळ्याला कळत नाही. मी एक नंबरच्या प्लगच्या भोकातून डायल गेजची काडी सोडली. इंजिन हाताने फिरवत पिस्टन टॉपच्या ५ मिलिमीटर खाली असताना पुलीवर खूण केली, टॉप ओलांडून परत ५ मिलिमीटर खाली आल्यावर दुसरी. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टॉप. माझा मूळ खुणेपासून ४ अंश सरकलेला निघाला. आता पिस्टन टॉपला असताना रिकामी जागा सेन्सरला ओलांडून ९० अंश पुढे गेलेली हवी, म्हणजे सेन्सरसमोर नववा दात. चाकाला वेल्डिंगचे दोन-चार ठिपके (टॅक) मारून परत मोजा, मगच पक्कं वेल्डिंग.

आता या सिग्नलचं करायचं काय? दोन रस्ते. एक, नव्वदीच्या सुरुवातीच्या फोर्ड एस्कॉर्ट-फिएस्टातला ईडीस, म्हणजे कॉइल पॅक चालवणारा मॉड्यूल, आणि त्याला टायमिंग सांगणारा मेगाजोल्ट नावाचा कंट्रोलर. दुसरा, फक्त इग्निशनचा तयार ईसीयू. दुसरा महाग, पण वायरिंग कमी आणि सगळं नवीन. मी पहिला घेतला, कारण मेगाजोल्ट बंद पडला तरी ईडीस टॉपच्या आधी ठरलेल्या १० अंशांवर इंजिन चालवतो. पिकअप जातो, पण घरी पोचता येतं. भंगारातून ईडीस आणाल तर सॉकेट वायरीसकट, हातभर लांब कापून आणा. जुनं प्लास्टिक ओढलं की तुटतं.

भार कशावरून मोजायचा हेही आधीच ठरवा. चार घशांवर व्हॅक्यूम स्थिर मिळत नाही, म्हणून थ्रॉटलच्या दांड्यावर पोझिशन सेन्सर लावावा. वेबरला तो वेगळा बसवावा लागतो. यामाहा आर१ सारख्या बाइकचे कारबोरेटर घेतलेत तर बहुतेक वेळा तो आयताच असतो. सुरुवातीच्या मॅपमध्ये (टायमिंगच्या तक्त्यात) पूर्ण थ्रॉटलला मी २६ अंशांच्या वर गेलो नाही. पुढचं रोलिंग रोडवर (गाडी रोलरवर जागच्या जागी चालवून बघायचं यंत्र), नॉकिंग ऐकत.

सेन्सरची वायर जाळीवाली घ्या आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलीत तर वरच्या वेगाला मिसिंग सुरू होऊ शकतं आणि तुम्ही कारबोरेटरच्या बिचाऱ्या जेटना दोष देत बसाल. प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्याच हव्यात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर मेगाजोल्टची वायर काढून टायमिंग लाइट मारा, खूण १० वर दिसायला हवी. लाइटला अंश फिरवायची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. फुकटच्या स्पार्कमुळे तसला लाइट दुप्पट आकडा दाखवतो. माझ्याने २० दाखवले, मी चाक उतरवायला पाना लावला होता. आबा फोनवरूनच ओरडले, "अरं, आधी लाइट बदलून बघ!" शेजाऱ्याचा साधा लाइट आणला, खूण बरोबर १० वर.