प्रोजेक्टरची लेन्स गोदामातच ठरते

नाशिकच्या सातपूरला आयटीआय करून बाहेर पडलो तेव्हा माझी समजूत अशी होती की प्रोजेक्टर टेबलावर ठेवायचा, केबल लावायची आणि चित्र पडद्यात बसेपर्यंत मागेपुढे सरकवायचा. साउंड आणि प्रोजेक्टर भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात लागलो. पहिले काही महिने हे खपूनही गेलं, कारण छोट्या प्रोजेक्टरची लेन्स बदलताच येत नाही. आहे तीत भागवायचं असतं. मोठा प्रोजेक्टर हातात आला आणि गोची सुरू झाली. त्याची लेन्स वेगळ्या पेटीत येते. चुकीची पेटी टेम्पोत चढली, तर मांडवात उभं राहून डोकं खाजवण्यापलीकडे काही करता येत नाही.

लेन्सवर १.५ ते २.० असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा थ्रो रेशो. चित्राच्या रुंदीला या आकड्यानं गुणलं की लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर मिळतं. म्हणजे १६ फूट रुंद चित्र हवं असेल, तर ही लेन्स २४ ते ३२ फुटांच्या मध्ये कुठंही चालेल. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. ०.८ ची लेन्स असेल तर पावणेतेरा फुटांच्या आसपास काम होतं, आणि मोठ्या हॉलच्या मागच्या भिंतीवरून मारायचं असेल तर ४ च्या पुढचीही लागू शकते. गिऱ्हाईक फोनवर '२०० इंची स्क्रीन' म्हणतं, तो आकडा कर्णाचा असतो. हिशोब रुंदीवर चालतो. १६:९ च्या (रुंदी १६ तर उंची ९) पडद्याची रुंदी कर्णाच्या ०.८७ पट, म्हणजे २०० इंचाला साडेचौदा फूट. मी तर इंच ऐकले की लगेच 'फुटात सांगा, रुंदी किती, उंची किती' असं विचारतो.

एवढं पाठ करून मी स्वतःला शहाणा समजत होतो, तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडला एका सेमिनार हॉलमध्ये काम होतं. पडदा १२ बाय ९, प्रेझेंटेशन जुनं, ४:३ चं. प्रोजेक्टर १६:१० चा, लेन्स तीच १.५ ते २.० ची. बारा गुणिले दीड अठरा, बारा दुणे चोवीस, आणि हॉलमध्ये जागा वीस फूट. बसतंय की! प्रत्यक्षात झूम पूर्ण उघडूनही चित्र पडद्याला पुरेना. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच, वर-खाली चार-चार इंच पांढरं कापड उघडं. संयोजक सर येऊन म्हणाले, "अहो, एवढा मोठा पडदा आणलात आणि चित्र मधेच का?" मला उत्तर सुचेना.

कारण मला घरी जाऊन कागदावर आकृती काढल्यावर कळलं. लेन्सचा आकडा प्रोजेक्टरच्या पॅनेलच्या, म्हणजे आत चित्र तयार करणाऱ्या चौकटीच्या, पूर्ण रुंदीचा असतो. १६:१० च्या पॅनेलवर ४:३ चं चित्र उंची पूर्ण भरतं आणि दोन्ही बाजूंना काळं सोडतं. त्या चित्राची उंची ९ फूट हवी, तर पूर्ण पॅनेल १४.४ फूट रुंद पडायला हवं. त्याला दीडनं गुणा : २१.६ फूट. माझ्याकडे होते वीस. दीड फुटानं इज्जत गेली.

म्हणून नवीन मुलांना मी आधी गुणाकार शिकवत नाही, चौकट शिकवतो. कागदावर तीन चौकटी काढायच्या : पडद्याची, पॅनेलची आणि जे दाखवायचं आहे त्याची. तिसरी दुसरीत बसवायची, मग दुसरी एवढी मोठी करायची की तिसरी पहिलीत चपखल बसेल. दुसरीची जी रुंदी येईल तिच्यावर लेन्स. पॅनेल पडद्याबाहेर गेलं तरी चालतं, कारण तिथं काळं असतं. मात्र प्रोजेक्टरचं काळं म्हणजे अंधुक राखाडी, म्हणून पडद्याभोवती काळी किनार असावी.

आमच्या दुकानात एक काका होते, जुन्या टॉकीजचे ऑपरेटर. त्यांना माझी आकृती बघून हसू आलं. "अरे, हे आम्ही दोरीनं मोजायचो." ३५ एमएमच्या काळात लेन्सवर रेशो नसायचा, मिलिमीटर असायचे. फिल्मवरच्या चौकटीची रुंदी सुमारे २१ मिलिमीटर. केबिनपासून पडदा १०० फूट आणि चित्र ३० फूट हवं, तर २१ गुणिले १०० भागिले ३०, म्हणजे ७० मिलिमीटरची लेन्स. स्कोपला, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाला वेगळी, कारण तिथं ॲनामॉर्फिक लेन्स चित्र आडवं दुप्पट पसरवते. मिलिमीटर वाढले की चित्र लहान, हे काकांनी मला तीनदा सांगितलं असेल, कारण तीनदा मी उलटं बोललो. फाळक्यांच्या त्र्यंबकाजवळ राहून एवढंही कळत नाही, हा त्यांचा ठरलेला टोमणा.

चित्र ताणणं हा दुसरा रोग. पिंपळगावकडे द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात पडदा १६ बाय ९ होता आणि व्याख्यात्यांचे फोटो ४:३ चे. कुणीतरी रिमोटवरून ते पूर्ण पडद्यावर ताणले. 'रिकामी जागा बरी दिसत नाही' म्हणे. सोनाका जातीच्या द्राक्षाचा लांब मणी बोरासारखा गोल झाला. दुसऱ्या रांगेतला एक शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, ही कुठली जात?" मांडवात जो हशा पिकला! तसेच ठेवले असते तर फोटो १२ फूट रुंद पडले असते आणि दोन्हीकडे दोन-दोन फूट मोकळे राहिले असते, एवढंच. मोकळी जागा कुणाला खटकत नाही; वाकडं चित्र खटकतं. म्हणून आता प्रेझेंटेशन आदल्या दिवशी मागवतो. वक्ता कुरकुरतो, कुरकुरू दे.

पडदा किती मोठा, याचाही एक जुना ठोकताळा आहे. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीत असावी. ९ फूट उंचीला ५४ फूट. पानावरचे भुरी किंवा डाऊनी रोगाचे डाग दाखवायचे असतील तर त्याहून जवळ. पडदा वाढवला की प्रकाश पातळ होतो, हे विसरू नका : रुंदी दुप्पट केली तर तेवढ्याच ल्युमेन्समध्ये (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) चित्र चौथाई उजेडाचं. झूम लेन्स लांबच्या टोकाला नेली की बऱ्याच लेन्समध्ये उजेड आणखी थोडा घटतो. लॉन्सवर दिवसाउजेडी प्रोजेक्टर मागणाऱ्याला मी सरळ एलईडी वॉलवाल्याचा नंबर देतो. धंदा जातो, पण शिव्याही वाचतात.

प्रोजेक्टर मधोमध ठेवता येत नसेल तर आधी लेन्स शिफ्ट वापरा. त्यात लेन्स सरकते, चित्राची चौकट शाबूत राहते. कीस्टोन म्हणजे चित्र पॅनेलच्या आतच दाबून सरळ दाखवणं. पिक्सेल वाया जातात आणि बारीक अक्षरं पुसट होतात. कीस्टोन लावून हात झटकणारी माणसं मला आवडत नाहीत, पण रात्री अकराला मीही लावलाय.

शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र टाकणाऱ्या लेन्सचं सगळ्यांना आकर्षण असतं, स्टेजजवळून मारता येतं म्हणून. झूम नसलेली ०.८ ची लेन्स अर्धा फूट पुढेमागे झाली की चित्राची रुंदी साडेसात इंचांनी बदलते. शिवाय प्रकाश तिरका पडतो, त्यामुळे कापडाची प्रत्येक सुरकुती दिसते. फास्टफोल्डची, म्हणजे घडीच्या चौकटीवर ताणायच्या पडद्याची, सगळी बटणं लावा, दोन-चार सोडू नका.

लेन्स बदलायच्या आधी मेनूतून ती मध्यावर आणा आणि प्रोजेक्टर बंद करून थंड होऊ द्या. शिफ्ट एका बाजूला असताना ओढली तर लेन्स बसते तो माउंट दुखावतो, आणि तो खर्च पगारातून जातो. लावल्यावर अर्धा तास चालू ठेवून मगच शेवटचा फोकस करा. गरम होताना फोकस हलतो. तो अर्धा तास चहाचा.

त्या सेमिनार हॉलचं काम पुढच्या वर्षी पुन्हा आलं. या वेळी १.२ ते १.५ ची लेन्स घेऊन गेलो. २० भागिले १४.४, म्हणजे १.३९, अगदी मधोमध. चौकटी काढलेला कागद खिशात. पण आदल्या दिवशी प्रेझेंटेशन मागवायचं राहून गेलं. सरांनी पेनड्राइव्ह दिला, उघडून बघतो तर या वर्षी नवीन टेम्प्लेट, १६:९ चं. आता चित्र पॅनेलभर रुंद, आणि वीस फुटांवरून ही लेन्स १३.३ फुटांपेक्षा लहान चित्र देईना. दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच भिंतीवर. बारा गुणिले दीड अठरा. मधल्या रांगेतल्या चार खुर्च्या काढायला लावल्या, टेबल दोन फूट पुढे घेतलं. सर बघत होते. या वेळी काही बोलले नाहीत.