आईच्या थायरॉइडसाठी डॉक्टरांकडे जाताना
दवाखान्यात आई हमखास म्हणते, ‘तसं बरं आहे हो.’ म्हणून तिच्या तक्रारी घरीच लिहून न्या: थकवा कधीपासून, वजन किती वाढलं, थंडी सोसते का, घरात आणखी कुणाला थायरॉइड आहे का. ‘वयामुळे होतं’ असं उत्तर आलं तर शांतपणे विचारा, ‘टीएसएच आणि फ्री टी-४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून बघूया का?’ केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर तेही सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो. थायरॉइडची गोळी सुरू झाली की ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने (आमच्याकडे भांडण इथेच!). कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या ४ तासांनी. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तारीख तिथेच लिहून घ्या.