परदेशातल्या मिशनशाळेत शिकवायला जायचंय? आधी बोलावणं हातात घ्या

सगळ्यात आधी पत्र मिळवा. तिकीट, व्हिसा, बॅग हे सगळं त्यानंतर. मी नागपुरात सदर भागातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मग आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तरेत, तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, माध्यमिक शाळेत शिकवलं. आता उपासना संपली की आमच्या मंडळीतली तरुण मंडळी विचारायला येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्हाला बोलावलंय कोणी?

देवाचं पाचारण मनात असेलच, पण शाळेचं बोलावणं कागदावर हवं. विषय कोणता, वर्ग कोणते, आठवड्याला तास किती, राहायचं कुठे, जेवणाखाण्याचा खर्च कोणाचा, कामाचा परवाना कोण काढणार, सगळं लिहून घ्या. पर्यटक व्हिसावर शिकवायला उभं राहू नका. ‘या तर खरं, काहीतरी काम निघेलच’ असं उत्तर आलं तर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काम ठरलेलं नसलं की आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याचा भार त्या गरीब मंडळीवर पडतो.

अर्ज पास्टरसाहेबांमार्फत डायोसिसकडे, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताकडे द्या. नागपूर आणि मलावीच्या मंडळ्यांचं नातं जुनं आहे. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी हिस्लॉपसाहेब ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, त्याच चर्चने १८७५ मध्ये मलावीत लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं.

कागदपत्रांना काही महिने हाताशी ठेवा. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पेन्शनर असाल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचं बँकेत आधीच विचारून घ्या. मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा. सावजी मसाला मात्र जरूर न्या. मक्याच्या पिठाच्या न्सिमासोबतच्या पालेभाजीला तो छान लागतो.

पहिल्या टर्ममध्ये तिथल्या शिक्षकांच्या तासाला बसा. स्टाफरूममध्ये शिरल्या शिरल्या कामाचं बोलायचं नाही. ‘म्वावुका उली?’ असं तिथल्या टुंबुका भाषेत प्रत्येकाची सकाळ विचारायची, उत्तर नीट ऐकायचं, मगच खडू मागायचा. हे जमलं की निम्मं काम झालं.

माझ्या वर्गात एका पुस्तकावर चार-पाच डोकी वाकलेली असायची. म्हणून मी संध्याकाळीच उदाहरणं फळ्यावर लिहून ठेवायची आणि मुलं सकाळी लवकर येऊन वहीत उतरवायची. कंपासपेट्या नव्हत्या, तेव्हा आम्ही सुतळी आणि खिळे घेऊन अंगणातल्या लाल मातीत वर्तुळं काढली. एका मुलीने व्यासाची दोन टोकं धरून अर्धवर्तुळावरच्या एका बिंदूपर्यंत दोऱ्या ताणल्या आणि त्या कोनात वहीचा कोपरा बसवून पाहिला. बसला. मग बिंदू सरकवला, पुन्हा बसला. ती सरकवत राहिली आणि बाकीच्या पोरी वह्या घेऊन तिच्याभोवती उकिडव्या बसल्या. असं साहित्य शोधायला शिका, ते गावातच मिळतं. नागपुराहून खोकी भरून नेऊ नका.

मदत मागितली जाईल, फीसाठी, औषधासाठी. मन तुटतं. तरी स्वतःच्या हाताने देऊ नका, मंडळीच्या समितीकडे नाव न सांगता द्या. एकीला बाईंनी फी दिली हे कळलं की उरलेल्या मुली तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

दोन वर्षांहून कमी वेळ असेल तर जाऊ नका. पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांकडे जोडीला तिथलाच एक तरुण शिक्षक मागून घ्या, कारण चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे माध्यमिकच्या शेवटच्या वर्गाच्या, मुलांची एमएससीई या शालान्त परीक्षेची तयारी पुढे त्यालाच करून घ्यायची आहे. पाठाचं टाचण दोघांनी मिळून काढा. शेवटच्या वर्षी प्रश्नपत्रिका त्याला काढू द्या, तुम्ही फक्त नजर टाका. आणि टाचणाच्या वह्या परत आणू नका, शाळेच्या कपाटात ठेवून या.