घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इतिहासाचा अभ्यासक्रम कसा निवडावा

मुलांना घरी शिकवताय म्हटलं की पुण्यात सल्ल्यांची ददात नसते, आणि विषय इतिहासाचा निघाला तर विचारूच नका. "गड दाखवा, बाकीचं आपोआप येतं." "नुसत्या गोष्टी सांगा, सनावळ्या कशाला हव्यात?" "मुलांच्या कलानं घ्या." गड चढून इतिहास आपोआप येत असता, तर दर रविवारी सिंहगडावर कांदाभजी खाणारं निम्मं पुणं एव्हाना इतिहासकार झालं असतं. गोष्टी हव्यातच, पण सनावळी नसलेल्या गोष्टींची मुलांच्या डोक्यात खिचडी होते. शाहू महाराज म्हटलं की साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हेच कळेनासं होतं. आणि कलानं घ्यायचं म्हणाल, तर आमच्या धाकटीचा कल बरेच दिवस फक्त तोफांकडे होता.

त्यामुळे अभ्यासक्रम लागतो. तो निवडायचा कसा, ते सांगते.

आधी परीक्षेचं पाहून घ्या

घरी शिकणारी बरीच मुलं दहावीला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाकडून बसतात. तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि पाच विषय घ्यावे लागतात, त्यात निदान एक भाषा. दहावीला इतिहास स्वतंत्र विषय नाही. तो सामाजिक शास्त्रात भूगोल आणि नागरिकशास्त्राच्या पंगतीला बसतो, आणि सामाजिक शास्त्र घेतलंच पाहिजे असंही नाही. बारावीला तो वेगळा घेता येतो. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत इतिहासावर परीक्षेची टांगती तलवार नाही. 'पोर्शन पूर्ण करायचाय' हे भूत आधी मानगुटीवरून उतरवा. मूल मध्येच शाळेत जाण्याची शक्यता असेल तर त्या इयत्तेचं पुस्तक डोळ्याखालून घाला, एवढं पुरे.

पुस्तकं गोळा करा, पैसे न देता

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही. जुन्या आवृत्त्या हव्या असतील तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा.

बालभारतीचा क्रम असा चालत आलाय: चौथीला शिवछत्रपती, पाचवीला आदिमानवापासूनची वाटचाल, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक, नववीला १९६० नंतरचा भारत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं बदलताहेत, तेव्हा हातात कोणती आवृत्ती आहे ते बघून घ्या. एनसीईआरटीनं २०२४ पासून सहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आणलंय. ज्यांना सलग इतिहास हवाय त्यांना हे अडचणीचं होतं. परदेशी संच चार वर्षांत अख्ख्या जगाचा इतिहास फिरवून आणतात. निवेदन झकास असतं, पण त्यांत मराठ्यांना शोधावं लागतं. मोठ्या मुलांसाठी मी बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकाची उघड जाहिरात करते. इतिहास लिहितात कसा, खेळ, प्रसारमाध्यमं, पर्यटन आणि इतिहास यांचा संबंध काय, ऐतिहासिक ठेवा जपायचा कसा, असले विषय आहेत त्यात. शाळेतली मुलं ते मार्कांसाठी घोकतात. घरी बाराव्या वर्षी ते मजेत वाचता येतं.

आता खरी कसोटी: एक घटना, सगळी पुस्तकं

बहुतेक पालक इथेच गडबडतात, आणि माझंही घोडं बरेच दिवस इथेच अडलं होतं. पुस्तकं समोर पसरलेली, सगळ्यांची मुखपृष्ठं देखणी, सगळ्यांत नकाशे, सगळ्यांत 'करून पाहा'. निवडायचं कशावरून? अनुक्रमणिकेवरून काही कळत नाही. चित्रांवरून तर नाहीच नाही.

उपाय एकच. एक घटना धरा आणि तेवढीच प्रत्येक पुस्तकात वाचा. त्या पानांच्या झेरॉक्स काढा, पुस्तकाचं नाव दिसेल तो भाग दुमडून ठेवा आणि एका बैठकीत लागोपाठ वाचा.

घटना कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. शिवाजी महाराजांचा प्रसंग अजिबात घेऊ नका. शाहिस्तेखानाची बोटं आणि अफझलखानाचा कोथळा आपल्या मुलांनी आजीच्या मांडीवर ऐकलेला असतो. पुस्तक कितीही रटाळ असलं तरी मूल डोळे विस्फारून ऐकतं, आणि ते श्रेय आजीचं असतं. पानिपताचंही तेच. मी १८९७ चा पुण्यातला प्लेग घेते. परदेशी संचांत तो मिळणार नाही, तिथे १८५७ चालेल.

प्लेगच का? कारण त्या एका वर्षात पुण्यात काय काय घडलं ते बघा. साथ मुंबईत १८९६ मध्येच सुरू झाली होती. फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला (हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला होता). प्लेग कमिटीचा प्रमुख रँड. घराघरांत शिरून झडती घेणारे गोरे सोल्जर. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या. २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

आता पुस्तकं उघडा. सावित्रीबाई बहुधा 'समाजसुधारणा' या पाठात सापडतील, रँड 'सशस्त्र क्रांती'त, टिळक 'जहालवादा'त, आणि प्लेग स्वतः कुठेच नाही, किंवा अर्ध्या ओळीत. तीन पाठ पाठ केलेल्या मुलाला विचारा की ही माणसं एकाच गावात, एकाच साथीत होती का. उत्तर देता आलं नाही तर मुलाला बोल लावू नका, त्याला तसंच शिकवलंय. ज्या पुस्तकात हे धागे एकमेकांना कुठेतरी, निदान एका वाक्यानं तरी, भेटतात ते बाजूला काढून ठेवा.

मग या पानांवर पेन्सिल घेऊन बसा आणि शोधा की 'हे कशावरून?' याचं उत्तर पुस्तक कुठे देतं का. दामोदर चापेकरांनी तुरुंगात स्वतःची हकीकत लिहून ठेवलीय. 'केसरी'चे अंक आहेत. सरकारी अहवाल आहेत. तिघंही तीच झडती सांगतात, पण तिचा रंग तिघांत वेगळा. चांगलं पुस्तक यातला एखादा तुकडा तरी मुलापुढे ठेवतं. नुसतं 'रँडने अनन्वित अत्याचार केले' लिहून पुढे जाणारं पुस्तक मुलाला मत देतं आणि माहिती हातची राखून ठेवतं. माझं म्हणणं एवढंच, की अत्याचार झाले हे मुलाला त्या कागदांतून दिसू दे. सामान फेकलेलं घर, देवघरात बुटांनी शिरलेला सोल्जर, रुग्ण सापडू नये म्हणून माळ्यावर लपवलेला माणूस. यातलं काय कशावरून कळलं हे विचारायची सवय एकदा लागली, की पुढे मोबाईलवर येणाऱ्या इतिहासालाही मूल तोच प्रश्न विचारतं.

तिसरी गोष्ट स्वाध्यायांची. 'रिकाम्या जागा भरा: रँडचा वध ____ रोजी झाला' असला स्वाध्याय असेल तर पान उलटा. 'करून पाहा'मध्ये पुठ्ठ्याची तलवार आणि जिलेटिनचा मुकुट असेल तर आणखी जोरात उलटा. पुठ्ठा कापणं ही हस्तकला झाली. ती जरूर करा, दुपारी. इतिहासाच्या नावावर खपवू नका. याउलट 'तुम्ही प्लेग कमिटीवर असतात तर साथ आवरायला काय केलं असतं? झडती न घेता जमलं असतं का?' असा प्रश्न असेल, तर बाकीची चार वैगुण्यं पोटात घाला.

यापुढचा भाग मुलासमोर. निवडलेल्या दोन पुस्तकांतली तीच पानं दोन वेगळ्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवा. वाचताना समजावू नका, मध्ये थांबून 'कळलं ना?' विचारू नका. पुस्तक मिटा, विषय सोडा. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना किंवा स्कूटरवर म्हणा, "कालचं सांग बरं जरा." आणि गप्प बसा. मूल चुकलं तरी गप्प बसा, ही सगळ्यांत कठीण पायरी आहे. त्याच्या सांगण्यात फक्त पिस्तूल उरलं असेल तर पुस्तकानं पिस्तूलच दिलंय असं समजा. त्यात माणसं, भीती, कारणं आली असतील तर पुस्तक कामाचं.

पण खरं लक्ष ठेवायचं ते त्यानं विचारलेल्या प्रश्नावर. आमच्या धाकटीनं विचारलं होतं, "रँड मेल्यावर प्लेग गेला का?" समोरच्या एकाही पानात उत्तर नव्हतं. गेला नाही, पुढे कित्येक वर्षं पुण्यात परत परत येत राहिला. उंदरांवरच्या पिसवांमधून तो पसरतो, असं एका फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं, तेही लगेच कुणाला पटलं नाही. म्हणजे १८९७ मध्ये झडत्या घेणाऱ्यांना आपण नेमकं काय शोधतोय हेच पुरतं माहीत नव्हतं. हा प्रश्न ज्या पुस्तकाच्या वाचनातून निघाला ते पुस्तक आम्ही घेतलं. दुसऱ्यातली चित्रं जास्त चांगली होती.

आठ वर्षांखालच्या मुलांना प्लेग जड जातो. त्यांच्यासाठी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घ्या. पुस्तकांत तो फारसा नसतो, पण पुण्यात अजून कुणाची तरी आजी किंवा आजोबा असतात ज्यांनी तो पाहिलाय. त्यांना बोलतं करा आणि मग बघा, हातातलं पुस्तक असं घरातून इतिहास गोळा करायला सांगतं का. लहान वयात तेवढी एकच कसोटी मला पुरेशी वाटते.

पैसे मोजण्याआधी

पूर्ण वर्षाचा संच एकदम घेऊ नका, एक भाग घ्या. ऑनलाइन वर्ग असेल तर नमुन्याचा नको, चालू असलेला तास बघायला मागा. नमुन्याच्या तासाला सगळेच शिक्षक रंगात असतात. 'नाही' म्हणाले तर आपणही नाही म्हणायचं.

कणा एक, बाकी पूरक

एकच पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमानं चालवा. बाकीची त्याला जोडून वाचा. भिंतीवर काळपट्टी लावा, साधी, मुलाच्या हातानं लिहिलेली. छापील विकत आणू नका.

भेटी पाठानंतर

पुण्यात राहून इतिहास शिकवायला बाहेरगावी जावं लागत नाही, पण आधी पाठ, मग जागा, हा क्रम मोडू नका. राष्ट्रकूट झाले की जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. सातवाहन झाले की कार्ले-भाजे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांबद्दल वाचलं की ज्यांनी ते उत्खनन केलं त्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय. समाजसुधारणांच्या वेळी गंज पेठेतला फुले वाडा. १९४२ झालं की आगाखान पॅलेस, जिथे नजरकैदेत असताना गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा वारले. मोडी वाचण्याची हौस लागलीच, तर १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे.

शनिवारवाड्याला एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जा, शाळांच्या सहली यायच्या आत. तटाजवळ उभं राहून मुलाला एवढंच विचारा, खाली दगड आणि वर वीट का? लोक सांगतात, दगडी किल्ला बांधायचा मान फक्त छत्रपतींचा म्हणून शाहू महाराजांनी हरकत घेतली. छान गोष्ट आहे. मग लगेच दुसरा प्रश्न: हे कशावरून? १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला, उरले ते जोते आणि तट. तेव्हा आत काय होतं हे आपल्याला कसं कळलं? मूल यावर दहा मिनिटं वाद घालत राहिलं तर भेट वसूल.

वेळापत्रक

आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास. जास्त नको.

जूनमध्ये सुरू केलेला अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत बघा. तोवर मूल पुस्तक आपणहून हातात घेत नसेल, किंवा तुम्हालाच तो तास नकोसा वाटायला लागला असेल, तर बदला. वर्षाचे पैसे भरलेत म्हणून मार्चपर्यंत ओढू नका. बदलताना मागे जाऊन आदिमानवापासून पुन्हा सुरुवात करायची गरज नाही. जिथे थांबलात तो काळ नव्या पुस्तकात शोधा आणि तिथून पुढे चला. वही आणि भिंतीवरची काळपट्टी तीच ठेवा.