पुठ्ठ्याचे शहर राक्षसाकडून कसे पाडावे

रबरी पोशाखातला माणूस आणि त्याच्या गुडघ्याला लागणारे शहर, एवढ्या भांडवलावर जपानी राक्षसपट उभे राहिले आणि ते उभे करणाऱ्यांत एइजी त्सुबुराया यांचे नाव पहिले घ्यावे लागते. फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे १९०१ मध्ये जन्मलेले त्सुबुराया १९१९ मध्ये चित्रपटात शिरले ते कॅमेऱ्याच्या कामात. पुढे स्पेशल इफेक्ट्सचे दिग्दर्शक झाल्यावरही त्यांची नजर छायाचित्रकाराचीच राहिली आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांची पद्धत घरी करून पाहण्यात अर्थ नाही. मी दर दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर एक शहर बांधतो आणि पाडतो. मला आजवर मिळालेले बहुतेक सल्ले रंगाविषयी आणि गोंदाविषयी होते. परंतु इमारत खोटी दिसते ती मुख्यतः चुकीच्या वेळात पडल्यामुळे, आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही.

माप आधी ठरवावे. त्सुबुरायांनी स्पेशल इफेक्ट्स केलेल्या १९५४ च्या ‘गॉडझिला’ चित्रपटात राक्षसाची उंची ५० मीटर मानली होती आणि शहर १/२५ या मापाने बांधले होते, म्हणजे पोशाख चढवलेला माणूस साधारण दोन मीटरचा झाला की हिशेब जुळत होता. या मापात इमारतीचा एक मजला १२ सेंटिमीटरचा होतो. एकदा माप धरले की दारे, खिडक्या, विजेचे खांब, फुटपाथ सगळे त्याच मापात हवे. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा आपण कौतुकाने खपवून घेतो, पण कॅमेरा तसे काही खपवून घेत नाही. नियम मोडायचाच असेल तर तो हेतूने मोडावा: त्याच चित्रपटात जपानी संसदेची इमारत १/३३ मापाची केली होती, कारण तिच्यापुढे राक्षस अधिक मोठा दिसायला हवा होता.

बांधकामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जी इमारत पडणार नाही ती पुठ्ठ्याची करावी. जी पडणार आहे तिच्या भिंती पीओपीच्या पातळ पत्र्यांच्या कराव्यात आणि जिथे तुटायला हव्यात तिथे मागच्या बाजूने कटरने खोल चरे मारून ठेवावेत. धुळीसाठी मुलतानी माती बारीक चाळून मजल्यांमध्ये भरावी. वाळू अजिबात वापरू नये, कारण एक मिलिमीटरचा दाणा या मापात अडीच सेंटिमीटरच्या खड्यासारखा दिसतो आणि धुळीच्या जागी खडीचा ट्रक ओतल्याचा भास होतो.

कॅमेरा खाली ठेवावा, आणि खाली म्हणजे खरोखर खाली. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे १.६ मीटरवर धरले, तर १/२५ मापात ते जेमतेम साडेसहा सेंटिमीटरवर येतात. फोन उलटा धरला की त्याची भिंग असलेली बाजू जमिनीलगत जाते. माझा फोन गेली कित्येक वर्षे दोन विटांमध्ये असाच शीर्षासन करतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ. माझे पहिले शहर मी फोनच्या नेहमीच्या वेगाने चित्रित केले आणि पाच मजल्यांची इमारत, जिच्या खिडक्या कापण्यात माझे आठ दिवस गेले होते, ती बिस्किटांचा डबा उलटावा तशी पडली. एका जाणत्या माणसाने मला सांगितले की नंतर संगणकावर ते दृश्य संथ करून घे. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. जे क्षण कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, आणि उडणाऱ्या धुळीचा अंदाज त्याला कधीच येत नाही. धुळीचे लोट ओल्या कापसासारखे एकमेकांत विरघळत जातात. दृश्य संथ करायचे असेल तर ते चित्रित करतानाच जलद गतीने टिपले पाहिजे.

पण किती जलद? इथे मी दोन वर्षे चाचपडलो, आणि उत्तर शाळेच्या भौतिकशास्त्रात निघाले. वीस मीटर उंचीवरून निसटलेला काँक्रीटचा तुकडा जमिनीवर यायला सुमारे दोन सेकंद लागतात. १/२५ मापात ती उंची ८० सेंटिमीटर होते आणि तेवढे अंतर तुकडा ०.४ सेकंदात कापतो, कारण गुरुत्वाकर्षण आपल्या मापाप्रमाणे लहान होत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मोठ्या वस्तूच्या पडण्याचा वेळ पक्का बसलेला असतो, ०.४ सेकंदात जे पडते ते त्याच्या लेखी टेबलाएवढेच उंच असते. म्हणून मापाच्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि तेवढ्या पटीने वेळ ताणावा. २५ चे वर्गमूळ ५, तेव्हा चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या (म्हणजे एकेका स्थिर चित्राच्या) पाचपट, म्हणजे १२० फ्रेमने चित्रित करावे आणि २४ ने दाखवावे. बहुतेक फोनमध्ये नेमकी १२० ची सोय असते, हा योगायोग आपल्या पथ्यावर पडणारा आहे. फोनमध्ये ६० चीच सोय असेल तर ताण अडीचपटच मिळतो. अशा वेळी शहर लहान मापात बांधण्याचा हट्ट सोडून १/६ मापाची एकच इमारत करावी.

यात एक खोच आहे, जिच्यापायी माझा एक अख्खा रविवार वाया गेला. फोनची स्लो मोशन फीत बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेमने दाखवली जाते. तेव्हा ताण पाचपट राहत नाही, चारपट होतो आणि इमारत पुन्हा किंचित हलकी वाटू लागते. संपादनाच्या वेळी २४ फ्रेमची मांडणी निवडली आहे ना, हे आधी पाहावे. उलट दिशेची चूकही मी केलेली आहे: अधिक ते चांगले असे समजून २४० फ्रेमने चित्रित केले आणि भिंत काकवीत बुडत असल्यासारखी खाली आली. दहापट ताण १/१०० मापाला शोभतो. १/२५ च्या शहरात तो वजन वाढवत नाही, घालवतो.

जलद चित्रीकरणाला प्रकाशही तेवढाच जास्त लागतो. १२० फ्रेमला प्रत्येक चित्राच्या वाट्याला २४ च्या तुलनेत पाचवा हिस्सा प्रकाश येतो, म्हणून घरात दिवे लावून हे करू पाहणाऱ्यांची मला कीव येते. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो; डोळ्याला ते कळत नाही, पण १२० फ्रेमच्या फितीत संपूर्ण शहर लुकलुकू लागते. सकाळी नऊच्या आसपासचे तिरपे ऊन वापरावे, फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण (एक्स्पोजर) कुलूपबंद करावे आणि फोनला पुन्हा हात लावू नये. इमारत एकदाच पडणार असते.

राक्षसाच्या चालीचे गणित इमारतीपेक्षा वेगळे धरावे, असे माझे ठाम मत आहे. त्सुबुराया १९३३ च्या ‘किंग काँग’ने भारावलेले होते आणि बाहुली एकेक चित्र हलवून राक्षस जिवंत करण्याची त्यांची इच्छा होती, परंतु त्याला लागणारा वेळ स्टुडिओकडे नव्हता, म्हणून माणूस पोशाखात शिरला. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा झाला आणि राक्षस साकारणारे अभिनेते हारुओ नाकाजिमा यांना त्यात धड चालता येईना, तेव्हा तो कापून त्याचे भाग तुटक दृश्यांसाठी वापरले गेले आणि दुसरा, हलका पोशाख करण्यात आला. आमच्याकडे फोमच्या चादरीचा पोशाख माझा भाचा चढवतो. पाचपट ताणात त्याची चाल झोपेत चालल्यासारखी दिसते, म्हणून नुसत्या चालण्याची दृश्ये मी ६० किंवा ७२ फ्रेमने घेतो आणि पडझडीला १२० वर जातो. त्याला सूचना एवढीच असते की पाऊल झटकन टाकायचे, टाच आधी दाबायची आणि मग क्षणभर पूर्ण थांबायचे. या थांबण्यात वजन असते. दर दहा मिनिटांनी पोशाखाची चेन उघडावी. “मामा, आत भट्टी आहे” हे वाक्य ऐकण्याची वाट पाहू नये.

पाणी आणि आग यांच्या वाटेला जाऊ नये. पाण्याचा थेंब शहराबरोबर लहान होत नाही, आणि गच्चीवरच्या लाटेला कितीही ताण दिला तरी तिचे मोठे थेंब तिची बादली उघडी पाडतात. ‘गॉडझिला’ काढणाऱ्या तोहो स्टुडिओने १९६० मध्ये प्रचंड कृत्रिम तलाव बांधून घेतला तो हौसेखातर नव्हे. उंचावरून दिसणारा शांत समुद्रच हवा असेल तर त्सुबुरायांची जुनी युक्ती घरी सहज जमते: त्यांनी अगर-अगरचा, म्हणजे आपल्या चायना ग्रासचा, समुद्र केला होता. निळ्या रंगात घट्ट बसवलेल्या थरावर चमच्याच्या पाठीने लाटा उठवाव्यात. आगीचे काम मात्र त्यांच्यासारखे मेणावर भागवावे. ‘गॉडझिला’तले विजेचे मनोरे मेणाचे होते आणि उष्णतेने ते वाकत वितळत गेले, आपल्याला हेअर ड्रायर पुरतो, कॅमेऱ्याबाहेरून, मनोऱ्याच्या मध्यावर, आणि पहिला टेकू वाकेपर्यंत धीर धरून.

संपादनात एकच पथ्य पाळावे: शेवटचा तुकडा जमिनीवर स्थिरावण्याच्या आधी दृश्य तोडावे, कारण स्थिरावलेला ढिगारा पुन्हा पीओपीच दिसतो. तो ढिगारा फेकून मात्र देऊ नये. पुढच्या वर्षीच्या शहरात कॅमेऱ्यालगत अंथरायला त्यापेक्षा चांगली सामग्री विकत मिळत नाही.