चाकांवरची वारी: निघण्याआधी काय काय

पहिला फोन दिंडीप्रमुखांना करायचा, तोही वैशाखातच. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी, किती आणि ट्रक कुठून सुटणार हे सगळेच विचारतात. आपण त्याआधी सांगायचं की मी व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली जाणीव नाही, सोबत एक मदतनीस येईल आणि त्याचीही भिशी भरू. "या हो, माउली बघून घेतील," असं उत्तर आलं की तेवढ्यावर फोन ठेवू नका. मुक्कामाला माझी राहुटी कुठे लागेल, हे विचारून घ्या. पहिल्या वर्षी मी विचारलं नव्हतं. लोणंदच्या पावसात चाकं काळ्या मातीत रुतली आणि मला उचलून राहुटीत न्यावं लागलं. खुर्ची सकाळपर्यंत बाहेरच भिजत होती.

आळंदी ते पंढरपूर हे साधारण 250 किलोमीटर अंतर बहुतेक डांबरी रस्त्याचं आहे. ते ढकलत जमतं. खरी परीक्षा असते मुक्कामाला, आणि पिशवी भरताना तीच डोळ्यांपुढे ठेवायची.

राहुटी रस्त्याच्या कडेला, ट्रकजवळ मागा. टँकरजवळ नको. पाण्याची सोय जवळ पडते खरी, पण संध्याकाळपर्यंत तिथे चिखलाचं तळं होतं. प्लायवूडच्या दोन पट्ट्या ट्रकमध्ये टाकायला सांगा. एकीवर चाकं, तोवर दुसरी पुढे, असं करत आत जाता येतं. राहुटीच्या दोरांना अंधारात दिसतील अशा पांढऱ्या चिंध्या बांधा. दिंडीत अंध माउली असतील तर त्यांना दिवसाही ते दोर काठीला सापडायच्या आधी पायाला सापडतात. म्हणून त्यांचा फेरफटका मुक्कामावर पोचल्या पोचल्या, उजेड असतानाच करून द्यावा: राहुटीपासून पंगत किती पावलं, नळ कुठल्या हाताला.

आता संडास, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं उभी करतात, आणि पूर्वी काय हाल होते हे ठाऊक असलेल्यांना त्यांची किंमत कळते. पण त्यांना बहुधा दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि दार खुर्चीपेक्षा अरुंद. म्हणून घडीची कमोड खुर्ची, बादली, जाड पिशव्या, लाकडाचा भुसा आणि आडोशाला एक छोटा तंबू, एवढं आपलंच न्यायचं. कॅथेटर लागत असेल तर दिवसांचा हिशेब करून वर आठवड्याचे जास्त घ्या. वाटेतल्या प्रत्येक गावात मिळतील असं धरू नका. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या मोहापायी मी फलटणला ताप घेऊन पडलो होतो.

बसायची गादी ओली झाली की जखम ठरलेली. गादीला प्लास्टिकचं वेष्टण, वर कोरडा पंचा, आणि रोज रात्री छोट्या आरशात पाठीमागची कातडी तपासायची. लाल डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये आडवं पडून प्रवास. इन्शुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात किंवा थर्मासमध्ये ठेवायचं. बॅटरीची खुर्ची घरीच बरी, कारण जनरेटर ठरावीक वेळच चालतो आणि त्याच्याभोवती मोबाइलवाल्यांची झुंबड असते. साधी खुर्ची न्या. टायर भरीव असतील तर पंक्चरची चिंता नाही; नसतील तर दोन ट्यूब, पंप, पाना. हातमोजे दोन जोड, कारण चाकाची ओली रिंग हातातून सुटते. छत्रीचा उपयोग नाही, हात मोकळे कुठे असतात?

पुण्याहून सासवडचा टप्पा सुमारे 30 किलोमीटरचा आणि वर दिवे घाट. मी तो दिंडीच्या गाडीतून करतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. गाडीला पास आहे ना, हे मात्र आधी बघा. पालखीमार्गावर वाहनांना बंदी असते, त्यामुळे घरचे मागाहून गाडी घेऊन येतील या भरवशावर राहू नका. चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावतो ते, रस्त्यावरच होतं, तिथे खुर्चीवरूनही अश्व जवळून दिसतो. गोल रिंगणाच्या मैदानात चिखल असला तर कडेलाच थांबावं.

वारीत मदत मागावी लागत नाही. ती अंगावर येते. चिखल दिसला की चार जण न विचारता खुर्ची उचलतात, आणि नेमके हाताचे किंवा पायाचे दांडे धरतात, जे निघून हातात येतात. "आधी विचारा. फक्त चौकट धरा," एवढं पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून टाका. गळ्यातल्या कार्डावर दिंडी क्रमांक, ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, मदतनीसाचा फोन, रक्तगट आणि औषधं. ऐकू न येणाऱ्या माउलींना निघण्याचा भोंगा कळत नाही, त्यांना पहाटे खांद्याला हात लावून उठवणारा माणूस आधीच नेमून ठेवायचा.

पंढरपुरात तळमजल्याची खोली आधी ठरवा. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या वाळूत खुर्ची ढकलली जात नाही.

आणि एक. मुक्कामावरच्या समाजआरतीत पालखीची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची तक्रार असते ती वाजवत राहते आणि चोपदार तिच्याकडे येतात. शौचालयाकडे जायची वाट चर खणून बंद केली असेल तर तेही तिथेच मांडता येतं. आपल्या विणेकऱ्यांच्या कानावर हे दुपारीच घालून ठेवा.