पैठणच्या मागावर अ‍ॅरॅक्नी

अ‍ॅरॅक्नी ही ग्रीक पुराणातली लिडियाची विणकर पोरगी. तिनं विणकामाची देवी अथीना हिच्याशी पैज घेतली आणि देवांनी केलेल्या फसवणुकी कापडात विणल्या. रोमन कवी ओव्हिड सांगतो, अथीनानं ते कापड टराटरा फाडलं, धोट्यानं तिच्या कपाळावर मारलं. शेवटी तिचा कोळी झाला.

मामीला अ‍ॅरॅक्नी करून मी एक फोटो पैठणला, तिच्या मागावर काढला. तसा काढायचा तर असं करा. पांढरा ग्रीक झगा आणू नका. मामीचं रोजचं सुती लुगडंच खरं दिसतं.

सकाळी एकच खिडकी उघडी ठेवा, बाकीच्यांवर गोणपाट टाका. उजेड बाजूनं आला की ताण्यातला (मागावरच्या उभ्या धाग्यांतला) रेशमाचा धागा न् धागा सुटा दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ ८ (भिंगाचं छिद्र), शटर १/८ सेकंद. चेहरा स्थिर राहतो, बोटं तेवढी पुसटतात, जणू दहाची वीस झाली. इथं घाई करू नका. मला ३१ फ्रेम लागल्या.

रबरी कोळी नकोच. भिंतीवरची धाग्यांची सावली पुरते.

"रागाव" असंही सांगू नका. मी म्हटलं, "मामी, पदरात एक धागा चुकलाय, बघ बरं." कपाळाला जी आठी पडली, तीच अ‍ॅरॅक्नी.

नंतर फोटोतले रंग फिके करा, जरीचा पिवळा मात्र राहू द्या.